ओकमधून फाइली उडवल्या तरी डिस्क भरलेलीच, काय करू?

वाचनालय_सर्वर: आमच्या वाचनालयाचे जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन जॅकरॅबिट ओकवर (फाइली आणि त्यांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहेत, टार स्टोरेज (नोंदी टार फाइलींत) आणि वेगळा फाइल डेटास्टोर (मोठ्या फाइलींचा फोल्डर). खराब आलेले 60 जीबी टिफ (स्कॅनच्या चित्रांच्या फाइली) परवा उडवले तरी डिस्क 96 टक्केच दाखवतेय. नवीन डिस्कला पैसे मंजूर नाहीत, आधीच सांगतो. रविवारी पहाटे 3 तास सगळं बंद ठेवता येईल. स्टेजिंगपण (चाचणीची वेगळी सिस्टिम) याच डेटास्टोरवर चालतं.

सोलापूरकर77: 4 टीबीची डिस्क टाका आणि मोकळे व्हा. मी दोन वर्षांपूर्वी टाकली, अजून अर्धीपण भरली नाय.

रात्रपाळी: काहीही करा पण डेटास्टोरच्या फोल्डरमधून हाताने फाइल उडवू नका. मी तारीख बघून जुन्या फाइली उडवल्या होत्या. तिथे फाइलचं नाव म्हणजे तिच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला सांकेतिक आकडा), दोन-दोन अक्षरांच्या फोल्डरांत ठेवलेला, आणि तीच फाइल दहा ठिकाणी वापरली असली तरी डिस्कवर एकच असते. सकाळी शंभरेक पानांवर लोगो गायब, बॅकअप आणेपर्यंत दुपार झाली.

टार_मामा: आधी कॉम्पॅक्शन (जुन्या रिव्हिजन, म्हणजे जुन्या आवृत्त्या, काढून टाकणं), मग डेटास्टोर जीसी (गार्बेज कलेक्शन, कुठेच न वापरलेल्या फाइली उडवणं). नुसती जीसी मारली तर जुन्या रिव्हिजन त्या टिफांना धरून बसतात, काही सुटत नाही. व्हर्जन हिस्ट्री आणि पडून राहिलेले चेकपॉइंटपण (रिपॉझिटरीची धरून ठेवलेली जुनी स्थिती) बघा. एका रात्रीत होतं सगळं. 24 तासांच्या आतल्या फाइलींना जीसी हात लावत नाही, ती मुदत कमी करू नका.

सोलापूरकर77: एवढा खटाटोप करण्यापेक्षा डिस्क स्वस्त पडते हो.

पुणे_डेव्ह: कॉम्पॅक्शन आधी, हेच सांगायला आलो होतो. माझ्याकडे दर आठवड्याला होतं, एकदापण अडलं नाही. पण जीसीसाठी बंद कशाला ठेवताय? ती चालू सिस्टिमवर होते.

टार_मामा: ऑफलाइन कॉम्पॅक्शनला बंद ठेवावंच लागतं, मी त्याबद्दल बोलत होतो.

पुणे_डेव्ह: ऑनलाइनपण होतं की.

नागपूरची_अ‍ॅडमिन: अहो, स्टेजिंगचं कोणी वाचलं का? डेटास्टोर एकच असेल तर दोन्हीकडे आधी फक्त मार्क (वापरातल्या फाइलींची यादी) करायचं आणि स्वीप (यादीत नसलेल्या उडवणं) एकाच ठिकाणाहून. आणि स्टेजिंग लाइव्हचा क्लोन (हुबेहूब नक्कल) असेल तर दोघांचा रिपॉझिटरी आयडी सारखाच राहतो, मग एकाची यादी दुसऱ्याच्या यादीवर बसते आणि वापरातल्या फाइली उडतात. स्टेजिंग बंद करून ओक-रनने (ओकचं कमांड टूल) तिचा हाच आयडी, म्हणजे क्लस्टर आयडी, रिसेट करा, मग त्याच रात्री जीसी करून टाका.

वाचनालय_सर्वर: ताई, क्लोनच आहे, आत्ता तपासलं, आयडी एकच निघाला. फार उपकार झाले. तरी सगळे एकाच रात्री म्हणताय ते मी करणार नाही. या रविवारी आयडी रिसेट, चेकपॉइंट आणि कॉम्पॅक्शन एवढंच, जीसी पूर्ण बॅकअप घेऊन पुढच्या रविवारी. 60 जीबी आठ दिवस पडून राहिले तर राहू देत, पण चांगले स्कॅन गेले तर कित्येक अंक लोकांकडून मागून आणलेले होते, ते परत कुठून आणू.