सर्ट्युइन प्रथिनांमुळे वार्धक्य खरोखर लांबते का?

तापीकाठ, भुसावळ
माझे वडील सत्तरी ओलांडलेले असून एकादशी आणि चातुर्मासातील एकभुक्त नियमाने पाळतात. त्यांना कुणीतरी सर्ट्युइन जागृत करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या सुचवल्या आहेत. सस्तन प्राण्यांत ही प्रथिने नेमके काय करतात, उपवासाशी त्यांचा संबंध खरा आहे का आणि आयुष्य वाढल्याचा पुरावा कितपत भक्कम आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जीवरसायन, धुळे
सस्तन प्राण्यांत सर्ट्युइन सात आहेत. पहिले, सहावे व सातवे मुख्यतः पेशीच्या केंद्रकात, दुसरे पेशीद्रवात, तर तिसरे ते पाचवे तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) असते. इतर प्रथिनांना जोडलेले अॅसिटिल किंवा तत्सम रासायनिक गट काढून टाकणे हे त्यांचे प्रमुख काम, आणि अशा प्रत्येक वेळी एनएडी या सहविकराचा (विकरांना मदत करणाऱ्या लहान रेणूचा) एक रेणू खर्ची पडतो. सगळे मर्म मला येथेच दिसते. कारण अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या अभिक्रियाही एनएडीवरच चालतात, त्यामुळे पेशीतील ऊर्जेची स्थिती आणि जनुकांचे नियमन यांची गाठ या प्रथिनांपाशी पडते. उंदरांना उपाशी ठेवल्यास यकृतातील सर्ट-१ (म्हणजे पहिले सर्ट्युइन) ग्लुकोजनिर्मितीला चालना देते आणि सर्ट-३ मेदाम्ले जाळणारे एक विकर (एन्झाइम) अधिक कार्यक्षम करते. संबंध खरा आहे, पण वडिलांच्या एकभुक्ताला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

सातपुडा, नंदुरबार
धुळ्याच्या ताईंच्या उत्तरात आयुर्मानाची बाजू जोडतो. १९९९ मध्ये यीस्टला सर-२ या त्याच्या सर्ट्युइन जनुकाची जादा प्रत दिल्यावर त्याचे आयुष्य वाढले आणि तेथून आशा उंचावल्या. मात्र कृमी व फळमाश्यांवरील तसे निष्कर्ष २०११ च्या काटेकोर तुलनेत टिकले नाहीत. संपूर्ण शरीरात सर्ट-१ वाढवलेल्या उंदरांचे उतारवयातील आरोग्य सुधारले, आयुष्य वाढले नाही. सर्ट-६ ची गोष्ट निराळी आहे. ते नसलेली पिल्ले रक्तशर्करा खालावून सुमारे चार आठवड्यांत दगावतात, आणि २०१२ च्या प्रयोगात ते अधिक असलेले नर उंदीर जास्त जगले. माद्यांत तसा फरक आढळला नाही. गोळ्यांतील रेस्व्हेराट्रॉल हे द्राक्षांत आढळणारे रसायन सर्ट-१ ला थेट उद्दीपित करते की तो चाचणीतील चकाकणाऱ्या रसायनाचा परिणाम होता, यावर मोठा वाद झाला. ज्यापासून शरीर एनएडी बनवते त्या एनएमएनमुळे माणसाच्या रक्तातील एनएडी वाढतो, परंतु माणसाचे आयुष्य वाढल्याचे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही. गोळ्यांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वडील मधुमेहाची औषधे घेत असतील, तर उपवासाविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे.

तापीकाठ, भुसावळ
आपणा दोघांचे मनापासून आभार. एनएडी रोजच्या आहारातून मिळतो का? आमच्याकडे मुख्यतः कळण्याची भाकरी असते.

जीवरसायन, धुळे
शरीर तो नायासिन (ब-३ जीवनसत्त्व) आणि ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल यांपासून स्वतः घडवते. निव्वळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्यांत नायासिनच्या कमतरतेचा पेलाग्रा हा आजार होतो, हे डॉ. सी. गोपालन यांनी हैदराबाद येथे १९६० च्या सुमारास अभ्यासले होते. कळण्यात ज्वारीला उडदाची जोड असते, आणि सोबतच्या शेंगदाण्याच्या चटणीतून नायासिन भरपूर मिळते. ही कमतरता नसलेल्या माणसाने त्याहून अधिक घेतल्यास वार्धक्य लांबते, याला मात्र आधार नाही.