कुत्र्याला फिट आली की तोंडात चमचा घालू नका

तुम्ही लिहिलंय की जीभ गिळू नये म्हणून फिट आल्यावर तुमच्या कुत्र्याच्या तोंडात चमचा धरला, ते प्लीज परत करू नका. कुत्रा जीभ गिळत नाही, पण जबडा असा आवळतो की तुमची बोटं सापडतील नाहीतर त्याचे दात तुटतील.

आमच्या शेरूला पहिली फिट पहाटे चारला आली, पाय सायकल चालवल्यासारखे हलतायत, तोंडाला फेस, खाली शू झालेली, मी नुसती रडत बसले होते. आता आधी घड्याळ बघते, खुर्च्या बाजूला सरकवते, लाईट टीव्ही बंद, फॅन चालू, आणि नवरा मोबाईलवर व्हिडिओ काढतो, डॉक्टरांना त्यावरून खूप कळतं. ५ मिनिटांच्या वर गेली किंवा २४ तासांत दुसरी आली तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

फिनोबार्बिटोन, म्हणजे फिट्सची गोळी, सुरू केलीय म्हणता ना, ती बरोबर १२ तासांनी द्या, आम्ही सकाळी ८ रात्री ८ देतो. बरा दिसतोय म्हणून मनाने बंद तर अजिबात करू नका, अचानक थांबवली की फिट्स उलट जोरात येतात. सुरुवातीला भूक तहान फार वाढते, शेरू पोळ्यांच्या डब्यापाशीच बसून असायचा. रक्तातली औषधाची लेव्हल आणि लिव्हरची टेस्ट चुकवू नका.

आणि फिट गेल्यावर तुमचा कुत्रा थोडा वेळ भिंतीला धडकत फिरेल, तुम्हाला ओळखणार पण नाही, तेव्हा लगेच मिठी मारायला जाऊ नका, लांबूनच हळू आवाजात नाव घेत रहा. शेपटी हलली की मग पाणी द्या.