नवं धान्य घरात आलं की पहिला घास कुणाचा? (अनुभव धागा)

कोठीवाली (इंदूर)
आज सकाळी वर्षाचा गहू आला, शरबती. चार कट्टे सांगितले होते, तीन आले. टेंपोवाल्यानं लिफ्टपाशी ठेवले, पैसे घेतले आणि गेला. मी सुतळी उसवून ओंजळभर गहू हातात घेतला आणि त्या वासासरशी रामबागेतला आमचा जुना वाडा डोळ्यांसमोर उभा राहिला.

पोती उतरली की आजी आधी दोन पसे गहू काढून घ्यायची. वाळवण, चाळणं, एरंडेलाचा हात, कडुलिंबाचा पाला, पत्र्याची कोठी हे सगळं नंतर. ते दोन पसे तिथल्या तिथे जात्यावर दळायचे आणि पाच पोळ्या लाटायच्या. पहिली देवाला, दुसरी गाईला, तिसरी कुत्र्याला, चौथी कुस्करून चिमण्यांना. पाचवी, तूप आणि गूळ घालून, ज्यानं पोती जिना चढवून आणली त्या हम्मालाला. तो तोवर ओसरीवर गमछा अंथरून बसलेला असायचा. पोळी मोडली की तुपाचा ओघळ मनगटापर्यंत जायचा आणि तो तो जिभेनं टिपायचा, मला अजून दिसतं. त्याचं ताट झाल्याशिवाय आजोबांचं पान मांडलं जात नसे.

आज टेंपोवाल्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. सकाळपासून तेच मनात आहे.

तुमच्याकडे नव्या धान्याचं काय करतात? गावचं, शेजारचं, परदेशातलं, काहीही लिहा.

फिरकी_बडोदा
ताई, वाचून आईची सुगडं आठवली. दांडिया बाजारात घर. संक्रांतीला अख्खं बडोदं गच्चीवर, "काप्यो छे" चा गलका, खाली शेजारच्या बेनच्या घरात उंधियूचं पातेलं, आणि आमची आई देवापाशी मांडी घालून एकेका सुगडात ओंबी, हरभरा, उसाचं पेर, बोरं, गाजर भरत बसलेली. ओले हरभरे कमी पडले की मला पळवायची, "जिंजरा घेऊन ये जा." मी पतंग सोडून जायचो म्हणून रागात असायचो. आता ती नाही. बायको सुगडं मांडते आणि मी न सांगता जिंजरा घेऊन येतो.

लष्करची_सून
ग्वाल्हेरला होळीत गव्हाच्या ओंब्या आणि हरभऱ्याचे घाटे भाजतात. होला म्हणतात. काठीला बांधून आगीवर धरायचं, मग तळहातावर चोळून फुंकर मारायची. सासरे पहिली मूठ होळीतच टाकायचे, मग आम्हाला. हात आठवडाभर काळे.

जिरावण
पाच पोळ्यांचं वाचून भूक लागली हो. आज डब्यात फक्त भात आहे.

मराठवाडा_टू_मालवा
माहेर लातूरकडचं. आमच्याकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. पूजा झाली की मडक्यातली आंबील उभ्या ज्वारीवर शिंपडत शेताला फेरी. भज्जी म्हणजे ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेल्या, सोबत बाजरीचे उंडे. रस्त्यानं कुणीही जाताना दिसलं की वडील बांधावर उभं राहून हाक मारायचे, "या, जेवायला या!" ओळख असायलाच हवी असं काही नाही.

इंदूरला आल्यावर पहिल्या वर्षी सुट्टी मागितली तर साहेबांनी विचारलं, ये कौन सा त्योहार है? दिली नाही. घरी कुकरमध्ये भज्जी केली आणि रडू आलं. आता बारा वर्षं झाली, मी त्या दिवसाची रजा जानेवारीतच लिहून ठेवते.

कोठीवाली (इंदूर)
@मराठवाडा_टू_मालवा अगं, पुढच्या येळवसला आमच्याकडे ये. शेत नाही पण गच्ची आहे. कोप तिथे करू.

मराठवाडा_टू_मालवा
कडबा कुठून आणायचा ताई 😄 पण येणार. आंबील मी आणते.

निशिगंध
माझा अनुभव ओहायोचा. 2009, मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी जेवायला बोलावलं. मोठ्ठी टर्की, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी, भोपळ्याचा गोड पाय (pie). आम्हाला भाज्या वेगळ्या करून ठेवल्या होत्या. जेवणाआधी प्रत्येकानं आळीपाळीनं सांगायचं, यंदा कशाबद्दल आभार. माझी पाळी आली आणि इंग्रजी शब्दच सुचेना. मग हात जोडून आपला जेवणाआधीचा श्लोक म्हटला. सगळे चिडीचूप. बाई उठून आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. आदल्या महिन्यातच त्यांचे यजमान गेले होते, ते मला नंतर कळलं.

त्याच बाईंनी सांगितलं की 1621 मध्ये प्लिमथला वसाहतवाले आणि वाम्पानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले, त्यावरून ही आठवण धरतात. देशभर दरवर्षी पाळायची प्रथा लिंकनच्या 1863 च्या जाहीरनाम्यापासूनची. आणि हेही सांगितलं की मूळच्या लोकांपैकी बरेच जण 1970 पासून त्या दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात, कारण पुढे त्यांची जमीनच गेली. आपल्या सणाच्या ताटावर बसून इतकं खरं सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

फिरकी_बडोदा
निशिगंध काकू, काटा आला अंगावर.

दोन_कप_चहा
नातू झाला की नात? आता मोठं असेल की.

निशिगंध
नात. कॉलेजला जाईल आता. अजून तो श्लोक म्हणते, तिच्या उच्चारात.

वेलदोडा
बडोद्यातली माझी शाळेतली मैत्रीण बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंपैकी. घरात आपल्यासारखंच मराठी. त्यांच्याकडे काही चांगलं घडलं, नवस फेडायचा असला की मालिदा करतात. भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. एलियाहू हनावी या त्यांच्या प्रेषितांचं नाव घेऊन हिब्रूत प्रार्थना म्हणतात आणि मग ताट सगळ्यांत फिरतं. तिच्या भावाला नोकरी लागली तेव्हा मी पहिल्यांदा खाल्ला.

सुगीनंतरचा त्यांचा सण सुक्कोथ. सात दिवस मांडवात जेवायचं, आणि वरचं छत फांद्यांचं, इतकं विरळ की रात्री चांदण्या दिसल्या पाहिजेत. वर लातूरच्या ताईंनी कोपीचं लिहिलं तेव्हा हेच आठवलं.

जिरावण
पोह्यांचा प्रसाद! आम्हा इंदूरकरांना आधीच का नाही सांगितलं. आमचा तर रोजच सकाळी प्रसाद, वर शेव आणि जिरावण मसाला.

लष्करची_सून
इंदूरचे पोहे वाफेवरचे असतात ना? घरी केले की माझे कोरडे का होतात?

जिरावण
पोहे धुऊन चाळणीत निथळा, मीठ, साखर, हळद तिथेच लावा, फोडणीत घातल्यावर पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवा. परतत बसू नका.

दोन_कप_चहा
भिलाईला असताना ऑफिसातला एक जण संबलपूरचा होता. त्यांची नुआखाई गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. नवा तांदूळ आधी समलेश्वरी देवीला, मग घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातून सगळ्यांना, मग धाकट्यांनी थोरांना वाकून जुहार. त्या दिवशी कितीही भांडण असलं तरी जुहार करायला जायचंच, असं तो म्हणायचा. आपली तीच ऋषिपंचमी. माझी आई त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायची नाही, देवभात आणि परसातल्या भाज्या. एकाच तिथीला तो पहिला घास खातोय आणि माझी आई बैलाला सुट्टी देतेय.

पायवाट
झाबुआला शिक्षिका होते. पावसाळा सरता सरता वर्गातल्या एका मुलीला मी मक्याचं भाजलेलं कणीस दिलं. तिनं हात मागे घेतला. "नवाई नी थई." घरात अजून नवाई झाली नव्हती, नवं पीक देवाला आणि पूर्वजांना दिलं नव्हतं. आठ वर्षांची पोर, भुकेली होती, मला दिसत होतं. मी ते कणीस पिशवीत ठेवलं. पंधरा दिवसांनी तीच माझ्यासाठी घरून दोन कणसं घेऊन आली, ओढणीत गुंडाळून.

वेलदोडा
पायवाट ताई 🙏

निशिगंध
यापुढे काही लिहायला सुचत नाही मला.

भाच्याची_मावशी
भाचा सोलला आहे. कोरियात चुसोक, त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. नव्या तांदळाच्या पिठीचे अर्धचंद्रासारखे सोंगप्योन, पाइनच्या पानांवर उकडतात. फोटो बघून मी म्हटलं या तर आपल्या उकडीच्या करंज्या! सकाळी ताट मांडतात ते आधी पूर्वजांसमोर. बहुतेक वर्षी त्याच सुमारास आपला पितृपक्ष लागतो. दाजींना जाऊन तीन वर्षं झाली, भाच्याला श्राद्धाला येता येत नाही. घरमालकीणबाईंनी यंदा त्यांच्या ताटाशेजारी एक वाटी दाजींसाठी ठेवली म्हणे. त्यानं व्हिडिओ कॉल केला तेव्हा ताई बोलूच शकली नाही.

कोठीवाली (इंदूर)
सगळ्यांचं वाचलं. मधे कपडे काढायला गच्चीवर गेले ते तिथेच उभी राहिले वाचत.

दुकानात फोन केला. राहिलेला चौथा कट्टा उद्या अकराला येतोय, टेंपोवाला तोच. दोन पसे गहू काढून चक्कीवर दळून आणले. गूळ किसून ठेवलाय.

लष्करची_सून
तूप घरचं ना?

कोठीवाली (इंदूर)
घरचं. कालच कढवलंय.

फिरकी_बडोदा
ताई, एका कट्ट्याला एरंडेल साधारण किती लावता? आमच्या गव्हाला दरवर्षी टोके पडतात.