मदत हवी आहे: सातव्या महिन्यात शिंकलं की लघवी निसटते, केगल (खालचे स्नायू आवळायचा-सोडायचा व्यायाम) नक्की करायचा कसा?

विषय नाजूक आहे, म्हणून नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये. सांभाळून घ्या.

देवगडजवळ सासर. पहिलंच बाळंतपण, एकोणतिसावा आठवडा चालू आहे. घर रस्त्यापासून खाली, जांभ्याच्या चाळीसेक पायऱ्या उतरून. पावसाने त्यांना शेवाळ धरलंय, त्यामुळे मी पाय दाबून दाबून उतरते, आणि नेमकी मधेच शिंक आली की थोडी लघवी निसटते. खोकल्यावर, हसल्यावरही तेच. परवा ओटीभरणाला एक मावशी काहीतरी बोलल्या, मी खो खो हसले आणि मग हिरव्या साडीत तासभर पाटावरून हलले नाही. सगळ्यांना वाटलं, दमली बिचारी.

दवाखान्यात 'केगल करा, दहा-दहा, तीन वेळा' एवढंच सांगितलं. बाहेर रांग एवढी की पुढे विचारायचा धीर झाला नाही. सासूबाई म्हणतात, "आमी खंय गो व्यायाम केलो? लावणी करता करता पोरां झाली." आई फोनवर रोज बजावते की पायरीसुद्धा चढू नकोस. दोघींच्या मधे मी.

मी आवळते तेव्हा श्वास कोंडतो, कुल्ले घट्ट होतात. म्हणजे चुकतंय ना? दुसरं, हसू नका, पण आवळून आवळून वाटच घट्ट झाली तर बाळ बाहेर कसं येणार? आणि पलंगावरून उठताना पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा येतो, तो कसला? इकडे आसपास महिला फिजिओथेरपिस्ट माझ्या माहितीत नाही.

कोकमसार:
आधी एक गोष्ट. जे निसटतं ते लघवीच आहे, याची डॉक्टरांकडून खात्री करून घे. गर्भजलाची गळती सुरुवातीला अशीच वाटू शकते. शिंकेशिवायही ओल लागत असेल तर उद्यावर टाकू नकोस, एसटीची वाट न बघता रिक्षा कर.

आता व्यायाम. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण तुला तपासलेलं नाही, हे धरून वाच. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत खालून एक स्नायूंची झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळ्यांना तिचाच आधार. गरोदरपणात वरचं वजन वाढतं, संप्रेरकांनी झोळी सैलावते. कुशीवर झोप, गुडघे थोडे वाकव. चारचौघांत वायू सरायला आला तर जसा रोखशील तसं मागून आवळ, तीच पकड पुढे लघवीच्या जागेपर्यंत आण आणि आत-वर उचल. मांड्या, कुल्ले सैल. श्वास कोंडत असेल तर मोठ्याने आकडे मोज, बोलताना श्वास कोंडता येत नाही. सुरुवातीला तीन-चार आकडेच जमतील, चालेल. हळूहळू ८ ते १० सेकंदांवर ने, तेवढाच वेळ सोड. असं ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळ, मग शिंक. फरक बऱ्याचदा याच युक्तीने लवकर दिसतो.

लघवी करताना मधेच धार अडवून सराव करू नकोस, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

घाटावरची सून:
मी चार महिने उलटंच करत होते! वर उचलायच्या ऐवजी खाली जोर, शौचाला बसल्यासारखा. त्याने त्रास वाढला. हात लावून बघ, जागा आत ओढली जायला हवी, हाताकडे फुगायला नको. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

कोकमसार:
हे महत्त्वाचं सांगितलंत.

वाट घट्ट होण्याबद्दल: हसण्यासारखं काही नाही, हा प्रश्न बऱ्याच जणी मनात ठेवतात. नॉर्वेत ३०१ पहिलटकरणींवर अभ्यास झाला, २००४ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्यांची प्रसूती लांबली नाही, उलट कळा देण्याचा टप्पा कमी जणींचा रेंगाळला. बळकट स्नायू सैलही चांगला सोडता येतो, म्हणून सोडण्याला आवळण्याइतकाच वेळ द्यायचा. शेवटच्या आठवड्यांत तर सोडण्याचाच सराव जास्त कर. पण व्यायाम केला की नॉर्मलच होणार, टाके पडणारच नाहीत, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. सिझेरियन झालेल्यांनाही हा त्रास होतो, कारण झोळीने नऊ महिने वजन पेललेलं असतं.

उंचवटा म्हणजे पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या शिवणीपाशी फाकतात, तो. शेवटच्या महिन्यांत बहुतेकींना होतं. सरळ उठून बसू नकोस. कुशीवर वळ, पाय खाली सोड, हाताने रेटून उठ. पोटाचा व्यायाम म्हणशील तर हात-गुडघ्यांवर ओणवी हो आणि श्वास सोडताना बाळाला हलकेच पाठीकडे ओढून घेतल्यासारखं कर. तेवढं पुरे. बराच वेळ उताणी झोपून काही करू नकोस. रक्तस्राव, चक्कर, कळा, बाळाची हालचाल कमी, यातलं काहीही जाणवलं तर थांब आणि दवाखाना गाठ. वार (प्लासेंटा) खाली आहे असं सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

सासूबाईंचंही अगदी खोटं नाही. चालणं, उकिडवं बसणं चांगलंच. पण त्या काळी निसटत नव्हतं असं नाही, बोलत नव्हत्या. आईला सांग, पायऱ्या चालतील, शेवाळ नको. ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या. प्रत्यक्ष तपासणीसाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी कर, आशाताईंनाही विचार.

धागाकर्ती:
दवाखान्यात जाऊन आले. लघवीच आहे, पाणी नाही. वारही वर आहे. आशाताई ओरोसला विचारून सांगते म्हणाल्या.

काल कुशीवर झोपून मोठ्याने आकडे मोजत होते तर सासूबाई दारात येऊन उभ्या. सांगावंच लागलं. गप्प झाल्या, मग पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "माका पण जाता गो. धाकटो झाल्यापासना." धाकटे दीर बत्तीस वर्षांचे आहेत. आता साठीत केगलचा उपयोग होतो का?

कोकमसार:
होतो. तीन महिने करायला सांग, आणि खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल तर तुझ्याबरोबर त्यांनाही तपासायला ने.