पिंपळीची पानं पिवळी-हिरवी: नवा विषाणू म्हणायचा का?

कुळागरकर, सावईवेरे
पोफळींखाली पिंपळीचे, म्हणजे मिरीच्या कुळातले, चाळीसेक वेल आहेत. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बागायतदाराकडून छाट आणून लावले. यंदा शिगम्यानंतर निम्म्या वेलांवर पिवळे-हिरवे चट्टे आलेत, कोवळी पानं वाकडी होतायत, पेरं आखूड पडलीत. गेल्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं, पण पावसातल्या गणेश चवथीपर्यंत सगळं हिरवंगार. मला वाटलं, शेणखताने काम केलं. पर्वरीला शिकणारा भाचा म्हणतो, 'मामा, हा नवा व्हायरस, गावाचं नाव देऊया!' नाव राहू दे, पण हे ओळखतात कसं?

रानकर, सत्तरी
मॅग्नेशियम कमी पडलंय, दुसरं काही नाही. फवारा आणि गप्प बसा.

पानपारखी
मॅग्नेशियमची कमतरता आधी जुन्या पानांवर, शिरांच्या मधल्या भागात दिसते. त्याने कोवळं पान वाकडं होत नाही.

विषाणूंच्या लॅबमध्ये माझी अकरा वर्षं गेली. मला तुमची चवथ खटकली. मिरीवरचा पायपर यलो मॉटल व्हायरस उन्हाळ्यात तोंड दाखवतो आणि पावसाळी गारव्यात दडतो. वेल बरा झालेला नसतोच, शेणखताला उगाच श्रेय. हा पिंपळीवरही सापडलाय, आणि ककुंबर मोझॅक व्हायरसही, ज्याला हजारावर जातींची झाडं चालतात. आधी या दोन जुन्या गिऱ्हाइकांची तपासणी करा.

पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुकीय तुकडे शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. मिरीच्या स्वतःच्या जनुकांतच पहिल्या विषाणूचे तुकडे रुतून बसलेत, कधी चाचणीत तेच उजळतात. 'नवा' म्हणायचा तर त्याचा जनुकीय क्रम वाचून ओळखीच्या विषाणूंशी ताडून पाहावा लागतो. पहिला विषाणू ज्यातला, त्या बॅडनाव्हायरस गटात एका ठरलेल्या तुकड्यात २० टक्क्यांहून जास्त फरक लागतो. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या बेगोमोव्हायरसांत डीएनए-ए या मुख्य जनुकीय तुकड्याचं साम्य ९१ टक्क्यांखाली हवं. एवढं करूनही तो निरोगी रोपावर चढवून तीच लक्षणं दाखवावी लागतात, नाहीतर तो फक्त पानात राहणारा भाडेकरू ठरतो.

नमुना सुकलेल्या पानाचा नको. चट्टे असलेली कोवळी पानं घ्या, त्याच बागेतलं एक निरोगी पानही घ्या. टिश्यूत गुंडाळून सिलिका जेलसोबत पिशवीत बंद करा, वेलाला खुणेची दोरी बांधा. जुन्या गोव्याच्या आयसीएआर कृषी संशोधन केंद्रात आधी फोन करून विचारा. आणि भिंग घेऊन पेरं बघा.

कुळागरकर, सावईवेरे
बघितली. जमिनीलगतच्या पेरापाशी कापसासारखी पांढरी पिठी आणि मुंग्यांची रांग. मुंग्या रोज दिसायच्या, खाली कधी वाकलोच नाही.

पानपारखी
पिठ्या ढेकूण. बॅडनाव्हायरस मुख्यतः तोच नेतो. पण लांबच्या गावी पोचवतो तो माणूस, छाटांतून.

कुळागरकर, सावईवेरे
ज्यांच्याकडून आणले त्यांना आत्ताच फोन लावला. म्हणाले, 'आमच्याकडे उन्हाळ्यात असंच असतं, जातच तशी!' आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या पावसात मीही तिघांना छाट दिले. रानकर, त्यातले एक तुम्हीच.

रानकर, सत्तरी
माझे हिरवे आहेत.

रानकर, सत्तरी
म्हणजे चवथीला होते. बॅटरी घेऊन जातो.