गावचे छोटे फुटबॉल क्लब एकत्र केलेत का कोणी? अनुभव लिहा

व्हाळापलीकडचा, पेडणे:
आमच्या आणि शेजारच्या गावात मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, तेवढंच अंतर, पण क्लब दोन, कमिट्या दोन आणि चौदा वर्षांखालच्या टीमा पण दोन. आमच्याकडे पोरं नऊ, त्यांच्याकडे बारा, त्यातले दोघे भातकापणी असली की येतच नाहीत. गेल्या सीझनला आम्ही आठ जणांनी मॅच सुरू केली, नववा ट्यूशन संपवून हाफटाइमला आला, ७-० हरलो. २०१२ पासून फुटबॉल आपल्या गोव्याचा राज्य खेळ, आणि इथे अकरा पोरं जमत नाहीत. आता दोन्हीकडचे म्हणतायत एकच दणदणीत टीम करूया. पण रविवारच्या मीटिंगमध्ये दीड तास नुसता नावावर गेला, कोच कोण, सराव कुठे, याला कोणी हातच लावला नाही. ज्यांनी हे केलंय, किंवा करून मोडलंय, त्यांनी बरं-वाईट सगळं सांगा.

खजिनदार, डिचोली:
आम्ही केलं, चार वर्षं झाली. स्ट्राँग टीम वगैरे नंतरचं, आधी पैसा. आमच्या पट्ट्यात क्लब चालायचे खाणीच्या ट्रकवाल्यांवर, जर्सी एकाची, बॉल दुसऱ्याचे, फायनलच्या दिवशीची पावभाजी तिसऱ्याची. २०१२ ला खाणी थांबल्या, मग जरा सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चात परत बंद, वर्गणी मागणार कोणाकडे? दोघांत मिळून एक कोच आणि एक मिनीबस केली तेव्हा कुठे झेपलं. हिशोब मात्र पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. गोलपोस्ट आमचे होते, जाळी त्यांची, आणि पहिलं भांडण झालं ते जाळी फाटल्यावर शिवायची कोणी यावरून. शेवटी मीच नायलॉनच्या दोरीने गाठी मारत बसलो, बोटं कापली, दोन्ही गावचे लोक हाताची घडी घालून बघत उभे. नाव आम्ही दोन्ही गावांचं जोडलं, फॉर्मवर लिहायला जागा पुरत नाही :)

लेफ्टबॅकची आई, साखळी:
माझा अनुभव वाईट आहे. गावच्या टीममध्ये मुलगा प्रत्येक मॅच खेळायचा, बरावाईट कसा का असेना. एकत्र झाल्यावर पोरं झाली बावीस. पहिल्या सहा मॅचमध्ये मिळून त्याला ११ मिनिटं मिळाली, मी मोजलीत. टीम जिंकायला लागली हे खोटं नाही. पण आधी त्याचे बूट नळाखाली धरले की लाल पाणी यायचं, त्या सीझनला बूट स्वच्छच. कोचना भेटले तर म्हणाले, मॅडम, स्पर्धा आहे. दिवाळीनंतर तो बॅडमिंटनला जायला लागला, अजून तीन पोरं अशीच गळली. 'ब' टीम ठेवणार असाल, कापणी झालेल्या शेतातल्या मॅच का असेनात, तरच एकत्र करा.

जुना स्टॉपर, फोंडा:
ताई, पटतं तुमचं. पण मी पोरांना शिकवतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. नऊ जणांत कॉर्नरचा बचाव शिकवून दाखवा! समोर कोणी नसतंच, प्रेसिंग आणि ऑफसाइड ट्रॅप फळ्यावरच राहतात. त्यात दहावी आली की सोळाखालची अर्धी टीम घरी बसते. आमच्या वेळी सगळ्यांचा डोळा धेंपो-साळगावकर या मोठ्या क्लबांच्या ट्रायलवर, आणि गावात हिरो असलेली पोरं तिथे पहिल्या दहा मिनिटांत गळायची, कारण रोज बरोबरीच्या पोरांशी खेळायची सवयच नाही. आणि जे काय करायचं ते सीझन संपल्यावर करा, एका क्लबकडे नोंद झालेला मुलगा दुसऱ्याकडून खेळवायचा तर ट्रान्सफर लागते, ऐनवेळी तुमचाच बेस्ट प्लेअर बाहेर बसेल.

दोन मुलींचा बाबा, केपे:
मुलींच्या बाबतीत वादच नको, एकत्र केल्याशिवाय टीमच होत नाही. आमच्या गावात खेळणाऱ्या चार, आजूबाजूची दोन गावं धरून चौदा. आमची कटकट वेगळी, सराव संपायच्या आधी शेवटची बस जाते, म्हणून आम्ही तीन बाप आळीपाळीने गाडी काढतो, तिसऱ्याची पाळी आली की त्याला हमखास ताप. कपडे बदलायला मैदानाजवळ एका काकींचं घर आहे, त्या वर कोकम सरबत पण देतात.

फातोर्डा स्टँड, मडगाव:
नावावर दीड तास गेला म्हणून हसू नका. कोलकात्यात २०२० ला एटीके आणि मोहन बागान हे दोन क्लब एक झाले, जर्सी हिरवी-मरूनच ठेवली, तरी पुढे लागलेल्या 'एटीके'वरून लोक तीन वर्षं ओरडत होते. १८ मार्च २०२३ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल आपल्या फातोर्ड्यालाच झाली, त्यांनी बेंगळुरूला पेनल्टीवर हरवलं आणि कप हातात आल्या आल्या मालकाने नाव बदलायचं जाहीर केलं. मी स्टँडमध्ये होतो, शेजारचा बंगाली माणूस रडत होता. कपासाठी की नावासाठी, ते काय विचारलं नाही.

नंबर नऊ, म्हापसा:
मी अशाच टीममधून सोळाखाली खेळलोय. पहिले दोन महिने पास फक्त आपल्या गावच्याला. गोलकीपरवरून तर आईबाप पण भांडले, 'आमचोच खेळतलो' दोन्ही बाजूंनी. मग कोचने सरावात दोन्ही गावची पोरं अशी मिसळली की आपल्याच गावचा स्टॉपर मला टॅकल करायला लागला. आमचा राइट विंगर आणि मी मैदानाबाहेर आजही बोलत नाही, पण त्या सीझनचे माझे बहुतेक गोल त्याच्याच क्रॉसवरचे.

व्हाळापलीकडचा, पेडणे:
सगळं वाचतोय. येत्या रविवारी परत मीटिंग, आधी 'ब' टीम, मग हिशोब, नाव सगळ्यात शेवटी असं कागदावर लिहून घेतलंय. खजिनदारांना एक विचारायचं होतं, जाळी आमच्या वाट्याला आलीय आणि ती फाटकी आहे, आधीच सांगून टाकू का?

खजिनदार, डिचोली:
सांग. आणि दोरी जाडी घे, बोटांना चिकटपट्टी लाव.