बाहेर काढलं म्हणजे वाचलं असं नाही

वर कोणीतरी लिहिलंय की पुरातनं जनावर बाहेर काढलं की सुटलं, डॉक्टरचं काम फारसं उरत नाही. तसं नसतं हो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हा मी शिरोळ तालुक्यात एका छावणीत मदतीला होतो, तिथे एक म्हैस आणली, तीन-चार दिवस पाण्यात उभी, खूर इतके मऊ की बोटानं दाबलं तर खड्डा पडायचा, आणि धार काढायला कोणी नाही म्हणून कास दगडासारखी. डॉक्टरांनी आधी सगळी कास पिळून रिकामी केली, खूर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुतले, मग इंजेक्शन. चारा मात्र थोडा थोडाच! उपाशी जनावरापुढे लोक मायेनं भात, भरडा ओततात आणि त्यानंच पोट बिघडून ते दगावतं. अशक्त जनावराला बाटलीनं तेल पण पाजू नका, फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. घटसर्प-फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या. आणि पाणी चढायला लागलं, न्यायला वेळच नसला, तर निदान दावं तरी सोडा, गाई-म्हशी पोहतात, पण बांधलेल्या काय करणार?